नालबंदी, असामी व उचल : बीड प्रांतांतून माणसें जमविण्याच्या धंद्याचा इतिहास

१. जुने कागद गोळा करणाऱ्या आपणां मंडळींची दृष्टि सनदा, महजर, वतनपत्रें, ताळेबंद व पोथ्या यांकडे जाते, हें स्वाभाविक आहे. या दृष्टीनें बीड प्रांत संपन्न म्हटला पाहिजे. आंबेजोगाईस आद्यकवि मुकुंदराज व दासोपंत यांचीं स्थानें आहेत. दासोपंतांनीं कापडावर लिहिलेली पासोडी प्रसिद्धच आहे. बीडच्या पाटांगणावर कै. राजवाडे यांस ज्ञानेश्वरीची जुनी प्रत मिळाली, हेंही वाचकांस ठाऊक आहे. परंतु याच जिल्ह्यांत दरसाल कागदांची आणखी एक रास तयार होते व थोड्याच वर्षांत रद्दींत जाते. ती रास म्हणजे ऊसतोडणीच्या मुकादमांच्या वह्या. या वह्या इतिहासाचें साधन ठरतात काय, आणि ठरत असल्यास त्यांचें कूळ कोणतें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. दूरच्या कामासाठीं माणसें जमवून देण्याचा धंदा फार प्राचीन आहे. त्याचें मर्म अगाऊ रकमेंत आहे. ही रक्कम कोणी कोणास दिली आणि तिचा कागद कोणाच्या हातीं राहिला, एवढें समजलें म्हणजे त्या माणसाचें पुढें काय झालें हें बहुधा समजतें.

२. प्रथम शास्त्र पाहूं. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत वेतनादान हें एक स्वतंत्र पद आहे. म्हणजे मजुरी न देण्यावरून होणारे तंटे त्या काळींही राजद्वारीं येत असत. नारदानें भृतकांचे तीन वर्ग केले आहेत : शस्त्र धरणारा तो उत्तम, शेतीचें काम करणारा तो मध्यम, आणि ओझें वाहणारा तो अधम. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वेतन घेऊन काम न करणारास बारा पणांचा दंड व काम होईपर्यंत अटकाव सांगितला आहे. परंतु मनुष्य अशक्त, आजारी अथवा संकटांत असेल तर त्यास सवलतही सांगितली आहे. जे लोक संघानें, म्हणजे आपण ज्यास टोळी म्हणतों तीनें, काम पत्करतात त्यांस ठरल्या मुदतीवर सात रात्रींची जास्त सवड दिली आहे. टोळी, अगाऊ वेतन, अटकाव व आजारपणाची सूट या चार गोष्टी त्या ग्रंथांत एकाच प्रकरणांत आल्या आहेत. आज ऊसतोडणींत जे वाद उपस्थित होतात ते बहुतेक याच चार गोष्टींचे असतात.

३. आतां मराठेशाहीकडे वळूं. सभासदानें आपल्या बखरींत शिवकालीन पागेची रचना दिली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी. बारगिराचा घोडा सरकारचा असे, शिलेदाराचा स्वतःचा. पुढें पेशवाईंत शिलेदारी पथकांवर अधिक भिस्त पडली, आणि त्या काळच्या हिशेबांत नालबंदी ही बाब वारंवार आढळूं लागली. शब्दार्थानें हा घोड्यांच्या नालांचा खर्च. व्यवहारांत मात्र मोहिमेवर निघण्यापूर्वीं हातीं पडणारी अगाऊ रक्कम, असाच त्याचा अर्थ होता. ती सरदाराच्या हातीं येई, सरदार ती पथकांच्या प्रमुखांस वांटी, आणि प्रमुख आपल्या ओळखीच्या गांवांतून राऊत उभे करी. दसऱ्यास सीमोल्लंघन करावें आणि पावसाळा आला म्हणजे छावणीस अगर घरीं परतावें, असा वर्षाचा क्रम ठरलेला होता.

बीड प्रांत फौजांच्या वाटेवरच होता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवरावांनीं गोदातीरीं राक्षसभुवन येथें निजामाच्या फौजेचा पराभव केला व निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला. हें स्थळ आज बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत मोडतें. तेव्हां नालबंदी घेऊन जाणाऱ्या माणसांची ओळख या मुलुखास पिढ्यान्‌पिढ्या होती.

४. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत या धंद्यास परदेशी वळण लागलें. ११ मार्च १७९५ रोजीं बीडच्या सीमेलगत, जामखेड तालुक्यांतील खर्डा येथें जी लढाई झाली, तींत निजामाकडे रेमों या फ्रेंच सेनानीचीं पायदळें होतीं, तर शिंद्यांच्या कवाइती पलटणींवर पेराँ हा दुसरा फ्रेंच होता. असल्या सेनानीचें काम नुसतें लढण्याचें नव्हतें. माणसें भरती करणें, शिकविणें, त्यांचा पगार उचलून वांटणें व धन्याशीं करार करणें, हीं सर्व कामें एकाच मनुष्याच्या हातीं असत.

यापेक्षां मोठें उदाहरण अरब जमादारांचें आहे. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील हद्रमौत प्रांतांतून शिपाई मराठ्यांच्या व निजामाच्या चाकरीस येत. त्यांचा पगार जमादार उचली. तोच त्यांचा जामीन, तोच म्होरक्या, आणि पुष्कळ ठिकाणीं सरदारांचा व शेतकऱ्यांचा सावकारही तोच. उमर बिन अवद अल्-कुऐती हा हैदराबाद दरबारच्या चाकरींत पुढें आलेला असाच एक जमादार होय. हैदराबादेंत मिळविलेल्या पैशाच्या बळावर त्याच्या घराण्यानें आपल्या मूळ देशांत शिहर व मुकल्ला हीं बंदरें संपादन केलीं व १९६७ सालापर्यंत तेथें सुलतानपद चालविलें. माणसें पुरविण्याच्या धंद्यांतून समुद्रापलीकडे राज्य उभें राहिल्याचें इतकें स्पष्ट उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल. ज्या दरबारच्या तिजोरींतून हा पैसा गेला, त्याच्याच अमलाखालीं बीड १९४८ पर्यंत होतें.

५. त्याच निजामी अमलांत आंबेजोगाईस मोमिनाबाद म्हणत, आणि तेथें हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाचें ठाणें होतें. या फौजेच्या खर्चासाठीं १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला गेला. १९०३ सालीं ती हिंदुस्थानच्या सैन्यांत सामील करण्यांत आली. या घोडदळांत सिलेदारी पद्धति चाले. नव्या स्वारास घोडा व सरंजाम यांपोटीं रक्कम भरून आपली जागा मिळवावी लागे, आणि तीस असामी म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धति मोडली.

येथें पैशाची दिशा पाहण्यासारखी आहे. नालबंदींत पैसा धन्याकडून स्वाराकडे येतो. असामींत तो स्वाराकडून रिसाल्याकडे जातो, आणि नोकरी संपली कीं परत मिळतो. ज्याची असामी आहे तो त्या रिसाल्यांत एका अर्थीं भागीदार ठरतो व त्याचें नांव वहींत मालक म्हणून लागतें. ज्यानें केवळ अगाऊ रक्कम घेतली त्याचें नांव ऋणको म्हणून लागतें. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच भेद आहे.

६. नारदाच्या पहिल्या वर्गांतून आतां दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांत उतरावयाचें, आणि तेथें ऊस आपली गांठ घेतो. इंग्रजांच्या वसाहतींत गुलामगिरी बंद झाली तेव्हां मॉरिशस बेटांतील उसाच्या मळ्यांस माणसें मिळेनात. नोव्हेंबर १८३४ मध्यें अॅटलस नांवाचें गलबत कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरास लागलें. तेव्हांपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लक्ष हिंदी माणसें करारानें त्या बेटावर नेण्यांत आलीं. मराठी मुलुखांतून, विशेषतः कोंकणांतून, मुंबई बंदरामार्गें गेलेल्या लोकांचे वंशज आजही तेथें स्वतःस मराठी म्हणवितात. या करारास लोकांनीं गिरमिट म्हटलें व माणसें फुसलावून आणणाऱ्या दलालास अर्काटी हें नांव पडलें. काम सोडल्यास शिक्षा होई. पुष्कळ जुलूम झाला, आणि १९१७ सालीं ही भरती बंद पडली.

मात्र या जुलमी व्यवस्थेनें एक गोष्ट मागें ठेवली. सरकारी नियमामुळें प्रत्येक माणसाची नोंद झाली. क्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव, उंची, अंगावरील खूण आणि पुढें पुढें छायाचित्र, हें सर्व त्या दफ्तरांत आहे. मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत तें जतन केलेलें असून, लोक तेथें जाऊन आपल्या पणज्याचें गांव शोधून काढतात. ज्या धक्क्यावर हे मजूर उतरले तो आप्रवासी घाट २००६ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्य झाला.

७. समुद्रापलीकडील त्या उसाकडून आतां घरच्या उसाकडे येऊं. दक्षिणेंत कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला. १९३२ सालीं साखरधंद्यास जकातीचें संरक्षण मिळाल्यावर खासगी कारखाने वाढले. नंतर विठ्ठलराव विखे पाटील व प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें प्रवरेच्या कांठीं लोणी येथें सहकारी कारखाना उभा राहून १९५०–५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. त्याच्या मागोमाग पश्चिम महाराष्ट्रांत सहकारी कारखान्यांची रांगच लागली.

ऊस एकदां तोडला कीं तो लवकर गाळला पाहिजे, नाहीं तर साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखान्यास रोज नेमका तितकाच ऊस हवा, आणि तो तोडणारा मनुष्य हंगाम संपेपर्यंत हललेला चालत नाहीं. ज्याचें घर व शेत शेजारींच आहे तो असा बांधून राहात नाहीं. दुरून आलेला व अगाऊ रकमेनें बांधलेला मनुष्य राहातो. असा मनुष्य प्रवरा व गोदावरी कालव्यांच्या पूर्वेस, बालाघाटाच्या माथ्यावर होता. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांत जमीन हलकी, पाऊस बेभरंवशाचा, आणि खरिपाचें एक पीक हातीं आलें कीं पुढें सहा महिने काम नाहीं. १९७२ च्या दुष्काळानें ही ओढ अधिकच वाढविली. पुढें जायकवाडीचें व माजलगांवचें पाणी जिल्ह्याच्या कांहीं भागास मिळालें व जिल्ह्यांत स्वतःचे साखर कारखानेही निघाले. तरी घाटावरील गांवें दरसाल कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत व कर्नाटकांत जाणें थांबलीं नाहींत. दसरा-दिवाळी झाली कीं निघावयाचें व उन्हाळ्याच्या तोंडीं परतावयाचें, हा जुन्या मोहिमांचाच काळ होय.

८. माणसें जमविणारास येथें मुकादम म्हणतात. हा शब्द आपणांस चांगला परिचयाचा आहे. मूळ अरबी मुकद्दम, म्हणजे पुढें ठेवलेला, अग्रेसर. जुन्या दक्षिणी कागदांत मोकदम म्हणजे गांवचा पाटील. वतनपत्रांतील तो मानाचा शब्द टोळीच्या म्होरक्याकडे आला, आणि गांवाशीं असलेलें त्याचें नातें त्यानें बरोबर आणलें. मुकादम बहुधा त्याच गांवचा, भावकींतला किंवा ओळखीचा असतो.

व्यवस्था अशी. कारखान्याची तोडणी-वाहतुकीची संस्था कर्ज काढून वाहनमालकास अगर मुकादमास पावसाळ्यांतच रक्कम देते. मुकादम ती गांवांत वांटतो. या रकमेस उचल म्हणतात. लग्न, औषधपाणी, बी-बियाणें, मागील देणें, असल्या कारणांसाठीं ती घरांत येते व बहुधा हंगामापूर्वींच संपते. मग सहा महिने ऊस तोडून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावरून वाहनापर्यंत नेऊन ती फेडावयाची. म्हणजे नारदाचा मध्यम व अधम भृतक येथें एकाच देहांत आला आहे. मुकादमास तोडणीच्या बिलावर शेंकडा वीसच्या आसपास कमिशन मिळतें. तोडणीचा दर साखर संघ व कामगार संघटना यांच्यांतील करारानें ठरतो. जानेवारी २०२४ मध्यें त्यांत शेंकडा ३४ वाढ ठरली.

हंगामअखेर हिशेब होतो. उचल फिटली नाहीं तर बाकी पुढील सालावर जाते. कोणी उचल घेऊन पळाला तर नुकसान मुकादमावर येतें, कारण कारखान्याशीं कागद त्यानें केलेला असतो. अशा वेळीं मुकादम शेत विकून देशोधडीस लागल्याचे, तसेंच उलटपक्षीं मजुरास डांबून ठेवल्याचे, दोन्ही प्रकार घडतात. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगार नष्ट करण्यांत आली आहे. तरीही बाकीची वही पुढील सालावर ओढली जाते.

९. आतां त्या वहीकडे पाहूं. अशा वह्या आम्हीं चाळल्या आहेत. साधी लांब वही, कधीं दिनदर्शिकेची जुनी रोजनिशी. डाव्या बाजूस गांव व नांव, पुढें उचलीची रक्कम व तारीख, अंगठा किंवा सही, कारखान्याचें नांव, मग आठवड्यांचा खर्च, खाडे, टनांचे आंकडे, शेवटीं बाकी. खाडा म्हणजे कामाची गैरहजेरी, आणि त्याचा दंड बाकींत चढतो. कौटिल्यानें सांगितलेली आजाराची सूट या रकान्यांत बहुधा आढळत नाहीं. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ सालीं सरकारी समितीनें केली, तेव्हां जो प्रश्न देशभर गाजला त्याची एक मुळी या खाड्याच्या रकान्यांत आहे. आजारपणाचा एक दिवसही ज्या हिशेबांत दंडास पात्र ठरतो, त्या हिशेबापुढें बाईनें काय करावें?

वहींतील मोजणीचा परिमाण कोयता हा आहे. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि एकट्या माणसास अर्धा कोयता म्हणतात. फौजेच्या यादींत जशीं घोडीं मोजलीं जात, तशीं येथें हत्यारावरून माणसें मोजलीं जातात. पुढें नांव लिहिलेलें असतें तें बहुधा नवऱ्याचें. बाई त्या एक या आंकड्याचा अर्धा भाग असते व तिचें नांव वहींत येत नाहीं. तीस हंगाम ऊस तोडलेली बाई कागदावर एक दिवसही कामास गेलेली नसते.

१०. माणसें जमविण्याच्या धंद्याची एक दुसरी शाखा याच काळांत जगभर वाढली, तिच्याशीं तुलना केल्यास प्रकाश पडतो. ज्या १९४८ सालीं बीड निजामी अमलांतून मुक्त झालें, त्याच सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं मॅनपॉवर नांवाची कंपनी निघाली. १९५७ सालीं स्वित्झर्लंडांत लोझान येथें आदिया, व १९६० सालीं हॉलंडांत रँडस्टॅड निघाली. आदिया व एक्को या दोन कंपन्या १९९६ सालीं एक होऊन अडेक्को झाली. या कंपन्या आज अनेक देशांत कारकून, अभियंते, हिशेबनीस व परिचारिका पुरवितात, आणि त्यांचें कमिशनही मुकादमाप्रमाणें काम देणाराकडून येतें. १९९७ च्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेच्या ठरावानें खासगी नोकरी-दलालांनीं मजुराकडून शुल्क घेऊं नये, असा सामान्य नियमच घातला.

मग मुकादम व कंपनी यांत भेद कोणता? दोघेही ओळखीच्या माणसांचा साठा बाळगतात, दोघेही धन्यास माणसाची हमी देतात. भेद दोन गोष्टींत आहे. कंपनीच्या माणसावर कंपनीचें कर्ज नसतें, आणि कराराची एक प्रत त्याच्या स्वतःच्या हातीं असते. कागदाचें हें महत्त्व आपल्या कायदेकारांसही कळलें होतें. परप्रांतीं जाणाऱ्या मजुरांविषयींच्या १९७९ च्या कायद्यानें ठेकेदारानें प्रत्येक मजुरास छायाचित्रासह पासबुक द्यावें असें फर्माविलें होतें. पुढें २०२० च्या संहितेंत हा कायदा सामील करण्यांत आला. परंतु तो प्रांताबाहेर जाणारांपुरता होता. बीडहून कोल्हापुरास जाणारा त्याच्या कक्षेंत येतच नव्हता.

११. याचा परिणाम आज प्रत्यक्ष दिसतो. महाराष्ट्र सरकारनें ऊसतोड कामगारांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें कल्याण महामंडळ स्थापिलें, आणि ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रें देण्याचें २०२१ सालीं ठरविलें. ओळखपत्र मागणारास आपण ऊसतोडीस जातों हें दाखवावें लागणार. दाखवावें कशानें? कारखान्याच्या दफ्तरांत वाहनाचा क्रमांक व मुकादमाचें नांव असतें, मजुराचें नसतें. मजुराचें नांव जेथें आहे तो एकच कागद म्हणजे मुकादमाची वही, आणि ती हिशेब मिटला कीं निरुपयोगी समजली जाते. मॉरिशसला गेलेल्या मजुराच्या पणतवास पणजोबांचें गांव सांपडतें, आणि बालाघाटावरील मुलास आपल्या आईनें कोणत्या कारखान्यावर किती हंगाम काढले याचा एक चिटोराही सांपडत नाहीं.

१२. म्हणून संग्राहक मंडळींस आमची सूचना अशी. बीड, धारूर, पाटोदा, केज या भागांत जुने कागद पाहण्यास जाल, तेव्हां देवघरांतील रुमालाबरोबर मुकादमाच्या घरची जुनी वहीही मागावी. विशेषतः १९७२ च्या आसपासच्या व त्यापूर्वींच्या वह्या फार थोड्या उरल्या असतील, त्यांस अग्रक्रम द्यावा. वहीवर गांव, कारखाना व हंगाम यांची नोंद लावावी. शक्य तेथें त्या कोयत्यांतील बाईचें नांव विचारून निराळ्या कागदावर टिपावें व वहीस जोडावें. तें सांगणारीं माणसें अद्याप हयात आहेत. या वह्यांत जिवंत माणसांचीं देणीं आहेत, हें विसरूं नये. नांवें प्रसिद्ध करूं नयेत, वही उघडी ठेवूं नये, आणि ज्याचें नांव आहे त्यानें किंवा त्याच्या वारसानें मागितल्यास त्यास उताऱ्याची नक्कल विनामूल्य द्यावी. नालबंदीच्या यादींत ज्या राउतांचीं नांवें राहिलीं तीं त्यांच्यासाठीं कोणी जपलीं नव्हतीं, सरदाराच्या हिशेबासाठीं जपलीं होतीं. तरीही आज आपणांस तीच नांवें उपयोगीं पडतात. कोयत्यांच्या वह्यांचें तसेंच होईल. मात्र त्यांस जपणारें सरकारी दफ्तर नाहीं. तें काम आपल्यासारख्या मंडळांनींच अंगावर घेतलें पाहिजे, आणि तें या हंगामाच्या वह्या रद्दींत जाण्यापूर्वीं सुरू व्हावें, अशी आमची विनंति आहे.